एक ल कमी

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला तेव्हा माईक व्यंकोजीच्या हातात होता आणि चालू होता. घडलं ते एवढंच. उघड्या जीपमध्ये मागच्या बाजूला तो उभा होता. एक हात लोखंडी दांडीवर, दुसऱ्यात माईक, गळ्यात झेंडूचा ओला हार, आणि तोंडात या गल्लीत नळाचं पाणी कुणी आणलं त्याची गोष्ट, कन्नडात. गोष्ट ऐन रंगात आली असताना कुठूनशी एक रिक्षा आडवी घुसली. जीप जागच्या जागी थांबली, व्यंकोजी थांबला नाही. दांडीवरचा हात सुटला, पुढच्या सीटच्या पाठीवर तो छातीनं आदळला, आणि चार दिशांना तोंडं केलेल्या चार भोंग्यांतून सबंध गल्लीला खणखणीत ऐकू गेलं, "आई गं! गेलो!"

तसा तो कुठं गेलाबिला नव्हता. गुडघ्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. हाराची चार फुलं सीटवर पडली आणि धोतराचा सोगा एका खिळ्याला अडकला, तो त्यानं सोडवला. पण भोंग्यांचा आवाज समोरच्या बँकेच्या भिंतीवर आपटून परत आला तेव्हा त्याला स्वतःचंच ओरडणं दुसऱ्यांदा ऐकू आलं. सभेत गडगडणारा, विधानसभेत खर्ज लावणारा त्याचा आवाज हा नव्हता. हा घरातला होता, बनियनवर बसणारा. इतका उघडा आवाज आपण चारचौघांत काढला याची त्याला आधी लाज वाटली आणि मग भीती वाटली. नळावरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या होत्या. सलूनच्या दारात साबण लावलेलं अर्धं तोंड घेऊन एक माणूस बाहेर आला आणि त्यानं कन्नडात विचारलं, काय झालं, काय म्हणाले? शेजारच्यानं अगदी सहज सांगितलं, "मराठी." काय म्हणाले याचं ते उत्तर नव्हतं, पण विचारणाऱ्याचं समाधान झालं आणि तो आत जाऊन पुन्हा खुर्चीत बसला. व्यंकोजीनं घसा साफ केला, हार सरळ केला आणि नळाची गोष्ट जिथं तुटली होती तिथून पुढं सुरू केली. शब्द सगळे बरोबर येत होते, पण लोक ते ऐकत नव्हते, नुसते त्याच्या तोंडाकडे बघत होते.

साल चौऱ्याण्णव, आणि ही त्याची तिसरी निवडणूक. पहिल्या दोन त्यानं जिंकल्या होत्या. पहिली लाटेबरोबर, दुसरी लाटेविरुद्ध, आणि दुसरीचा त्याला जास्त अभिमान होता. शहराच्या उत्तरेचा हा मतदारसंघ, येलहंक्याच्या वाटेवरचा, पूर्वी द्राक्षमळ्यांचा आणि आता प्लॉटांचा, त्याला तोंडपाठ होता. कुठल्या घरात तेलुगू बोलतात, कुठल्या घरात तमिळ, कुठं उर्दू, कुणाच्या दारात चपला काढायच्या आणि कुणाच्या दारात काढल्या तर ते संकोचतात, सगळं. मत मागायची भाषा मात्र एकच, कन्नड, आणि ती त्यानं कुणाकडून उसनी आणलेली नव्हती. शहाजीराजांच्या फौजेबरोबर निकमांचं घराणं इथं आलं त्याला साडेतीनशे वर्षं होऊन गेली. तो कन्नड शाळेत शिकला, कन्नडात भांडला, कन्नडात कविता पाठ केल्या, कन्नडातच त्याला स्वप्नं पडत असावीत असं त्याला वाटायचं. पोस्टरवर त्याचं नाव वेंकण्णा असं होतं. पंच्याऐंशी साली पहिल्या निवडणुकीत भीमाचार्यांनी, म्हणजे त्याच्या निवडणूक एजंटानं, हे नाव ठेवलं, अगदी बारशाच्या थाटात, आणि ते त्याला चिकटलं, आवडलंही. व्यंकोजीराव निकम फक्त उमेदवारी अर्जावर उरला होता. आणि घरी. घरी चपला काढल्या की आतून अक्काचा आवाज यायचा, "व्यंकू, आलास की?" आणि मग झोपेपर्यंत तो तिचा व्यंकू असायचा. अक्का म्हणजे थोरली बहीण, मालनबाई. नवरा वारल्यावर ती त्याच्याकडे आली, पुढं त्याची बायकोही गेली आणि घर तिच्याच हाती आलं. मुलगी रम्या मणिपालला शिकत होती आणि फोनवर इंग्रजीत बोलत होती. तेव्हा त्या घरात मराठी होती ती या दोघांपुरतीच.

बाहेरच्या मराठीशी त्याचं कधी जमलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेल्या इंजिनियर मंडळींनी गणपतीला त्याला पाहुणा म्हणून बोलावलं. आमदार, आणि तोही मराठी, म्हणून त्यांना केवढं अप्रूप. तो हौसेनं गेला आणि माईकवर म्हणाला, "मी स्वल्प उशिरा आलो, बेजार करून घेऊ नका." वाईट वाटून घेऊ नका, असं त्याला म्हणायचं होतं, कन्नडात असंच म्हणतात आणि त्याच्या घरातही असंच म्हणत. समोर एक हसण्याची लाट आली. वाईट हसू नव्हतं ते. एक बाई नंतर जवळ येऊन म्हणाल्या, "किती गोड बोलता हो तुम्ही!" तीन वर्षांच्या मुलाचं कौतुक करावं तसं. तेव्हापासून तो तिथं गेला की नमस्कार म्हणायचा, नारळ फोडायचा आणि परतायचा. त्यांच्या लेखी तो कानडी, आणि आज सलूनच्या दारातल्या माणसाच्या लेखी मराठी. दोन्हीकडून आपली पोळी भाजून घेतो असा आरोप त्याच्यावर कुणीतरी करायला हवा होता, पण पोळी कुठंच भाजली जात नव्हती.

जीप पुढं चालली होती आणि तो हात जोडत होता, पण मनात वडील आले होते. वडिलांचा जटका होता, घोड्याचा टांगा, सिटी स्टेशनच्या बाहेर उभा असायचा. मद्रासची गाडी आली की ते तमिळ बोलत, गुंटकलची आली की तेलुगू, पलटणीतला साहेब आला की त्यांचं ते दोन आण्यांचं इंग्रजी, आणि घोड्याशी मात्र मराठी. "चल गा राजा, चल." म्हातारपणी त्यांनी जटका आणि घोडा एका तमिळ माणसाला विकला. दोन दिवसांनी तो दारात हजर. घोडा हलत नाही म्हणाला. हाणला तरी हलत नाही. याला चालायला काय सांगायचं असतं? वडील त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले आणि त्याला शिकवून आले. पुढं कितीतरी वर्षं व्यंकोजी कॉलेजला जाताना तो तमिळ माणूस दिसायचा, लगाम सैल धरून घोड्याला सांगणारा, "सल गा राजा, सल." च त्याच्या जिभेवर बसायचाच नाही. घोड्याची काही तक्रार नव्हती. व्यंकोजीला या आठवणीनं एरवी हसू यायचं, आज आलं नाही. छातीत जिथं सीट लागली होती तिथं दुखत होतं.

संध्याकाळपर्यंत समोरच्या पक्षानं काम केलेलं होतं. समोरचा उमेदवार तरुण होता, हुशार होता, आणि त्याच्या टेंपोवर बोलणारा माणूस त्याच्याहून हुशार होता. व्यंकोजी घरासमोरच्या अंगणात कार्यकर्त्यांबरोबर कॉफी घेत बसला असताना शेजारच्या रस्त्यावरून तो टेंपो गेला. आधी बायकी आवाजात नक्कल, "आई गं, गेलो!" मग हशा, तो बहुतेक टेप केलेला. आणि मग शांतपणे कन्नडात, "बंधूंनो, मत मागायला कन्नड आणि घाबरायला मराठी. माणूस घाबरतो तेव्हाच खरा कळतो." कार्यकर्ते कपात बघू लागले. व्यंकोजीला राग आला, पण त्या वाक्यावर नाही. वाक्य बरोबर होतं. हे असं वाक्य आपल्याला आपल्या बाजूनं कधी का सुचलं नाही, याचा त्याला राग आला. त्याला ही निवडणूक जिंकायची होती. मनापासून, ओढीनं, पोटातून जिंकायची होती. बाळंतपणाच्या इस्पितळासाठी त्यानं पाच वर्षं मंत्र्यांच्या दारात हेलपाटे घातले होते, जागा मिळवली होती, पायाचे खड्डे खणून झाले होते. तो पडला तर त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी साचणार आणि पुढचा माणूस तिथं बाजार संकुल बांधणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. त्याच्या बायकोला येलहंक्याहून शहरात नेताना रस्त्यातच उशीर झाला होता. हे त्यानं कुठल्याही भाषणात सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हता.

भीमाचार्य सगळे गेल्यावर आले. विजापूरकडचे माध्व ब्राह्मण, घरात कन्नड बोलणारे, पण मराठी शाळेच्या भिंतीला घर लागून असल्यामुळं मराठीही तितकीच सराईत. आजवर त्यांनी व्यंकोजीला दोनदा जिंकवलं होतं आणि ते स्वतः हे कधी विसरले नव्हते. खुर्चीत बसून त्यांनी उपरण्यानं मान पुसली आणि हसू लागले.

"व्यंकोजी, तू ओरडलास काय, ते मला एकदा नीट सांग की."

"सगळ्या गावाला माहीत आहे, आचार्य."

"गावाचं सोड. तू सांग."

"आई गं, गेलो."

"आई गं राहू दे. ते ब्रेकच्या कर्कश आवाजात गेलं, निम्म्यांना ऐकूच आलं नाही. पुढचा शब्द काय?"

"गेलो."

"आता तोच शब्द कन्नड कानानं ऐक. भाषांतर करू नकोस, नुसता ऐक. गेल्लो." त्यांनी ल वर जोर दिला. "गेल्लो म्हणजे?"

कन्नडात गेल्लो म्हणजे जिंक. जिंक रे. लहान भावाला, मित्राला, शर्यतीतल्या आपल्या पैलवानाला ओरडून सांगतात तसं.

"एक ल कमी पडला, एवढंच," भीमाचार्य म्हणाले. "पडता पडता माणसाचा एखादा ल इकडंतिकडं होणारच की. पडताना सुद्धा आमचा वेंकण्णा 'जिंक' म्हणून ओरडला. काय बिघडलं? उद्या सकाळपासून सगळ्या गाड्यांवर हेच. गेल्लो वेंकण्णा!"

व्यंकोजी हसला. खरंच हसला, पोट धरून, आणि छातीतली कळही तेवढ्यापुरती थांबली. ही युक्ती आहे हे दोघांनाही माहीत होतं, खोटं आहे हेही माहीत होतं, पण इतकं छोटं खोटं, एका ल एवढं. एरवी निवडणुकीत याच्या शंभरपट मोठं बोललं जातं आणि ऐकणारे जांभया देतात. "करा," तो म्हणाला.

आणि ते चाललं. यंदा आयोगानं नियम कडक केले होते, भिंती रंगवायच्या नाहीत, भोंगे रात्री बंद, पण घोषणेला भिंत लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बस स्टँडवर रिक्षावाले ओरडत होते, तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरं. गेल्लो वेंकण्णा! नळावरच्या बायकांनी त्याला पाहून हसत हसत म्हटलं, जिंक रे बाबा. समोरच्या टेंपोवाल्यानं नक्कल बंद केली, कारण त्यानं गेलो म्हटलं की लोक पुढं वेंकण्णा जोडत. भीमाचार्य आनंदानं इतके फुलले की त्यांनी दोन दिवस पित्ताची गोळी घेतली नाही. व्यंकोजी जीपमध्ये उभा राही, दोन्ही हात वर करी, आणि सगळीकडून शब्द येई. बाकी सगळ्यांना एक ऐकू येत होतं आणि त्याला दोन. कान एक ल टाकून द्यायचाच. गर्दी त्याला ओरडून सांगायची की तू गेलास, व्यंकोजी, आणि तो हसून हात हलवायचा. आंघोळीच्या वेळी बादलीत पाणी पडताना त्याला ते ऐकू यायचं. वडील वारले त्या दुपारी आईनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन, "गेले रे," एवढंच म्हटलं होतं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि कन्नडाच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. पुस्तकात बोट घालून तो उठला आणि ते बोट त्यानं बराच वेळ काढलं नाही. हा शब्द त्याच्याकडे अशा वाटेनं आला होता. आता रिक्षांच्या मागच्या काचांवर तो चिकटवलेला होता, जास्तीचा ल लावून, लाल अक्षरांत.

एका रात्री जेवताना अक्कानं विचारलं. ती ताक घुसळून पुढ्यात ठेवत होती.

"व्यंकू, बाहेर पोरं काय ओरडतेत रे? गेल्लो?"

"माझंच आहे ते. घोषणा."

"शेजारची सांगत होती, तूच ओरडलास म्हणे. गाडी थांबली तवा."

व्यंकोजीनं भाताचा घास केला. तिला सांगायला काही हरकत नव्हती, तीही हसली असती. पण बाहेरच्या खोलीत दोन कार्यकर्ते बसले होते आणि दार उघडं होतं. आणि हेच एक कारण होतं असंही नाही. चार दिवस हजारो माणसांपुढं एक गोष्ट सांगितली की ती घरात वेगळी सांगायला जीभ वळत नाही.

"हो," तो म्हणाला.

"घाबरलास तवा?"

"हो अक्का."

"कन्नडात?"

"हो."

तिनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. रागानं नाही. दुकानात कापड हातात घेऊन बघतात तसं. "सरी," ती म्हणाली, बरं या अर्थी, कन्नडात, आणि ताकात मीठ टाकून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो दुपारी घरी आला, चपला काढल्या, आणि आतून आवाज आला, "बा वेंकण्णा, ऊट माडु." ये, जेव. त्याला वाटलं थट्टा करते आहे, म्हणून तो हसला. "काय गं अक्का, आज काय?" तिनं कन्नडातच सांगितलं की सारात मीठ जास्त झालंय, सांभाळून घे. आणि मग ती बोलत राहिली, सगळं कन्नडात, बाजारातल्या तिच्या ठसकेबाज कन्नडात. रुसलेली नव्हती ती. रुसली असती तर त्याला मनवता आलं असतं, साठ वर्षांची झाली तरी तिला मनवायची रीत त्याला ठाऊक होती. ती मनापासून मदत करत होती. घरात सारखी माणसं येतात, मी दार उघडते, फोन घेते, तोंडातून एखादा शब्द निसटला तर तुझं केलेलं सगळं वाया जाईल, ती म्हणाली. तुला भीतीतसुद्धा कन्नड सुचतं, तर मला भात वाढताना सुचायला काय झालं? आपल्या माणसासाठी एवढं करता येत नाही का? आणि हे बोलताना ती त्याला वेंकण्णा म्हणत होती. थोरली बहीण धाकट्याला अण्णा म्हणत होती, पोस्टरवर लिहिलं होतं तसं.

तो तिच्याशी मराठीत बोलून बघायचा. ताक आहे का विचारायचा, रम्याचा फोन आला होता का विचारायचा. उत्तर कन्नडात यायचं, प्रेमानं यायचं. एकदा त्यानं मुद्दाम, लहानपणी भांडताना द्यायचा तसली एक शिवी दिली. तिच्या ओठाचं टोक हललं, पण तिनं तोंड आवरलं आणि बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं. घर तेच होतं, पितळी ताटं तीच, पंखा तसाच कुरकुरत होता, पण घरात आल्यावर खांदे खाली यायचे ते येईनासे झाले. दिवसभर जीपमध्ये ताठ उभं राहायचं आणि घरी येऊन ताठ जेवायचं. अंथरुणावर पडल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला व्यंकू म्हणणारं आता पृथ्वीवर कुणी नाही, आणि या विचारानं त्याला इतकं पोरकं वाटलं की तो उठून बसला. मग त्याला कौशल्या आठवली. एक्क्याण्णवच्या डिसेंबरात कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं होतं आणि तमिळ वस्त्यांमधून लोक रातोरात निघून जात होते. तो पोलिसांना घेऊन आपल्या भागात फिरत होता. इडलीचं छोटं दुकान चालवणारी कौशल्या दुकानाची पाटी उतरवून दारातच बसली होती, आणि तिचा लहान मुलगा कशाला तरी घाबरून तमिळमध्ये मोठमोठ्यानं रडत होता. तिनं त्याच्या तोंडावर हात दाबला होता आणि दातओठ खाऊन त्याला सांगत होती, "कन्नडदल्ली अळो." कन्नडात रड. मूल आणखीच गोंधळलं होतं, कन्नडात कसं रडायचं ते त्याला माहीत नव्हतं. व्यंकोजीनं तेव्हा दोन पोलीस तिच्या दाराशी ठेवले होते आणि घाईनं पुढच्या गल्लीत गेला होता. काम चांगलं केलं होतं त्यानं. ते वाक्य मात्र तेव्हा कानात पडूनही त्यानं ऐकलं नव्हतं. आज ऐकू आलं. तिच्यावर ती वेळ जमावानं आणली होती. माझ्या दारात कुठला जमाव उभा आहे? मला कुणी काय केलं? माझ्या तोंडावर माझाच हात आहे, आणि तो मी एका चांगल्या घोषणेसाठी ठेवला आहे.

प्रचाराच्या शेवटच्या दुपारी बस स्टँडमागच्या मैदानात सभा होती. पाचला सगळं बंद करायचं होतं. मैदान भरलं होतं, कडेच्या घरांच्या गच्च्याही भरल्या होत्या. भीमाचार्यांनी गर्दी तापवली. त्यांना यात खरंच तोड नव्हती. "जीप थांबली, वेंकण्णा पडायला आले, तेव्हा काय ओरडले?" मैदानातून उत्तर आलं, "गेल्लो!" "पुन्हा सांगा, त्या टेंपोवाल्याला ऐकू जाऊ दे!" "गेल्लो!" फळ्यांचं व्यासपीठ आवाजानं थरथरलं. व्यंकोजी माईकपाशी गेला. त्याच्या खिशात भाषण होतं, इस्पितळाचं, रस्त्याचं, पाण्याचं. त्याला जिंकायचं होतं. कालच्यापेक्षा आज जास्त. त्यानं हात वर केला आणि आवाज शांत व्हायची वाट पाहिली.

"मी गेल्लो म्हणालो नव्हतो," तो कन्नडात म्हणाला.

पुढच्या रांगेतले लोक हसले, त्यांना वाटलं विनोदाची सुरुवात आहे.

"मी गेलो म्हणालो. एकच ल. ती मराठी आहे. तुम्ही घाबरलात की 'सत्ते' म्हणता ना, मेलो, तेच. आणि त्याआधी मी आईला हाक मारली. तीही मराठीत. माझ्या आईला दुसऱ्या भाषेत हाक मारली तर ती ओ द्यायची नाही." थोडे लोक पुन्हा हसले आणि थांबले. "समोरचा टेंपोवाला खरं बोलत होता. मत मागायला कन्नड, घाबरायला मराठी. असाच आहे मी. आमचं घर साडेतीनशे वर्षं या शहरात असंच आहे. तुमच्या मुलांसाठी इस्पितळ मागायला मी मंत्र्यांशी कन्नडात भांडलो, पुन्हा भांडेन. पण घरात माझी बहीण गेले आठ दिवस माझ्याशी आमच्या भाषेत बोललेली नाही, मला मतं मिळावीत म्हणून. असली मतं मला नकोत. बाकीची सगळी हवीत. एकूण एक हवीत."

भीमाचार्यांनी डोळे मिटून घेतले होते, मंत्र म्हणत असावेत किंवा शिव्या देत असावेत. व्यंकोजीला आठवत होती तितक्या वर्षांत पहिल्यांदा तो बोलत असताना पुढच्या वाक्याची काळजी करत नव्हता. मग मागून, रिक्षांच्या रांगेकडून, एक आवाज आला. जाड, चिडका, कन्नड आवाज.

"मग आता पडलात तर, वेंकण्णा?"

"पडलो तर मराठीत ओरडेन," व्यंकोजी म्हणाला. "आणि उठून पुन्हा तुझ्याच दारात येईन. कन्नडात."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी घोषणाही दिली नाही; कुठली द्यायची ते त्यांना कळत नव्हतं. गच्चीवरची एक म्हातारी शेजारणीला काहीतरी समजावून सांगत होती, तेलुगूत, आणि शेजारीण मान हलवत होती, पण होकाराची की नकाराची ते खालून दिसत नव्हतं. भीमाचार्य त्याच्या कानाशी आले. "संपवलंस," ते म्हणाले. "दहा वर्षांचं काम, दोन मिनिटांत."

"पाच वाजायला वेळ आहे, आचार्य," व्यंकोजी म्हणाला. त्यानं माईक बंद केला, त्यांच्या हातात दिला, आणि फळ्यांच्या पायऱ्या उतरून गर्दीतल्या पहिल्या माणसापुढं हात जोडून उभा राहिला.